कुलीन कांता आणि इंदूरवाली

बेलापूरच्या आमच्या घरात एक शब्द कितीतरी वर्षे शिवीसारखा वापरला गेला. एखाद्या मुलीने आरशासमोर जरा जास्त वेळ काढला, उरूस बघायला जायचा हट्ट धरला किंवा नुसती दारात उभी राहिली, की दादी चुलीपुढूनच आवाज द्यायची, "तेरेकू इंदूरवाली बनना हय क्या गे?" मुलगी मुकाट आत यायची. ही इंदूरवाली कोण, हे आम्हां पोरांना कळत नव्हते. फुफीने एकदा धीर करून विचारले तेव्हा दादी म्हणाली, "थी एक नाचनेवाली. उसके पीछे मर्दां मरे, राज गया." एवढेच. दादीने तरी तिला कुठे पाहिले होते? तिचे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. गावी आले की पोरांसाठी खजूर आणि बायकांसाठी मुंबईच्या गोष्टी घेऊन यायचे. त्यांतलीच ही एक. मुंबई ते बेलापूर एवढ्या प्रवासात गोष्टीतली माणसे, तारखा, न्यायालय असे सगळे गळून गेले आणि बाईची बदनामी तेवढी शिल्लक राहिली.

पुढे मूकपटांच्या काळाविषयी वाचताना 'कुलीन कांता' या १९२५ सालच्या चित्रपटाचे नाव आमच्या समोर आले. कोहिनूर फिल्म कंपनीचा हा मूकपट होमी मास्टर यांनी दिग्दर्शित केला होता आणि तो लिहिला होता मोहनलाल दवे यांनी. विषय होता त्याच वर्षी मुंबईत गाजलेला बावला खून खटला. खटल्याची हकिकत वाचत गेलो आणि दहा-पंधरा पाने उलटल्यावर लक्षात आले, की ही तर आमची इंदूरवाली! तिचे नाव मुमताज बेगम. आमच्या घरात तिचे नाव कधी कोणी घेतलेच नव्हते.

विवाहबाह्य संबंध आणि त्यातून ओढवलेला सर्वनाश हा आपल्या चित्रपटांचा फार आवडता विषय. एक घर, त्यात तिसरे माणूस, मग संशय, मग पिस्तूल, मग न्यायालय. या साच्याची मुळे शोधत मागे गेले की आपण 'कुलीन कांता'पाशी येऊन पोचतो. म्हणून हा चित्रपट आणि त्यामागची खरी हकिकत आपण मुस्लिम वाचकांनी एकदा नीट पाहायला हवी, असे आम्हांला वाटते. त्यात आपलाही हिशेब आहे.

हकिकत अशी. इंदूरचे महाराजा तिसरे तुकोजीराव होळकर यांना दोन राण्या होत्या. शिवाय दरबारात नाचगाण्यासाठी आणलेली मुमताज होती. तिची आई वजीर बेगम हीही त्याच पेशातली. मुमताज इंदूरला आली तेव्हा अजून लहान होती. आजच्या कायद्याने आपण तिला मूलच म्हटले असते. पुढची सुमारे दहा वर्षे ती महाराजांच्या आश्रयाला राहिली. तिथे तिला कमलाबाई हे नाव मिळाले. १९२१ साली महाराजांबरोबर ती विलायतेलाही जाऊन आली. बाहेरून पाहणाऱ्याला हे सुखच वाटले असणार. रेशीम, दागिने, दासी, मोटार यांतले काही कमी नव्हते. पण ज्या नात्यात एकाच्या हाती फौज आहे, तुरुंग आहे, खजिना आहे आणि दुसरीच्या हाती स्वतःचे नावसुद्धा नाही, त्या नात्याला 'प्रेमप्रकरण' म्हणावे का, हे आम्हांला कळत नाही. त्या काळच्या मराठीत त्याला सरळ शब्द होता, रखेल. या शब्दात निदान एवढी प्रामाणिकता आहे, की ठेवणारा कोणीतरी आहे हे तो लपवत नाही.

मुमताजला मुलगी झाली. ती मुलगी जगली नाही. सुइणींनी आपली मुलगी मारली आणि म्हणूनच मला इंदूरला राहायचे नव्हते, असे मुमताजने पुढे सांगितले. हे खरे की खोटे, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने केलेला नाही, म्हणून आम्हीही करत नाही. पण ती तिथून निघाली यामागे तिने स्वतः दिलेले कारण हे आहे. दुसरा पुरुष हे कारण तिने दिलेले नाही. गोष्टीत मात्र नेहमी दुसरा पुरुषच आधी येतो.

तिला मसुरीला नेण्यात येत असता दिल्लीच्या स्टेशनावर ती अडून बसली आणि पुढे जायला तिने नकार दिला. एका संस्थानिकाच्या लवाजम्यासमोर, माणसांनी भरलेल्या फलाटावर, जेमतेम वीस वर्षांची एक मुलगी 'मी येणार नाही' म्हणते, हा या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोठा प्रसंग आहे असे आमचे मत आहे. खुनापेक्षाही मोठा. दिल्लीहून ती अमृतसरला गेली, पुढे ठिकाणे बदलत राहिली. इंदूरची माणसे मागावर होतीच. अखेर ती मुंबईला आली आणि तिथे अब्दुल कादिर बावला या मेमन व्यापाऱ्याने तिला आश्रय दिला. बावला पंचविशीतला, पैसेवाला आणि मुंबई महापालिकेचा सभासद. दोघे एकत्र राहू लागले. मुमताजला सोडून द्या, अशा धमक्या त्याला येत होत्या. त्याने तिला सोडले नाही.

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी बावला, मुमताज आणि बावलाचा मॅनेजर मॅथ्यू मोटारीतून मलबार हिलवर फिरायला गेले होते. मागून दुसरी एक मोटार आली आणि तिने यांच्या गाडीला धडक दिली. सात-आठ माणसे उतरली. बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या तोंडावर सुरीने वार केले आणि तिला ओढून आपल्या गाडीत घालण्याचा प्रयत्न सुरू झाला. इतक्यात गोल्फ खेळून परत येणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथून चालले होते. त्यांतला लेफ्टनंट सेगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांवर तुटून पडला, स्वतः गोळी लागून जखमी झाला, पण मुमताजला त्यांनी नेऊ दिले नाही. बावला वाचला नाही. हे अधिकारी दोन मिनिटे उशिरा आले असते तर मुमताज इंदूरला पोचली असती. मग ना खटला झाला असता, ना चित्रपट निघाला असता. बावलाचा खून मलबार हिलवरची एक न उलगडलेली गुन्हेगारी घटना म्हणून विसरला गेला असता.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे आणि ज्यूरीपुढे खटला चालला. सरकारच्या बाजूने ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा होते. आरोपी नऊ, आणि बहुतेकांचा इंदूर दरबाराच्या चाकरीशी संबंध. मुमताज स्वतः साक्षीला उभी राहिली. तोंडावर वारांच्या खुणा घेऊन तिने सगळे सांगितले. मे १९२५ मध्ये निकाल लागला. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि शामराव दिघे या तिघांना फाशीची शिक्षा झाली, चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची आणि दोघे सुटले. जन्मठेप झालेल्यांत इंदूरच्या फौजेचा बडा अधिकारी आनंदराव फणसे होता. पोंडेचे मानसिक संतुलन ढळल्यामुळे तो फासावर गेला नाही, बाकीचे दोघे गेले. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊनही आरोपींच्या हाती काही लागले नाही. या माणसांच्या मागे आणखी कोणी असावे आणि धागे इंदूरकडे जातात, याकडे न्यायमूर्तींनी लक्ष वेधले होते. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने महाराजांपुढे दोन रस्ते ठेवले, चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या, नावे गादी सोडली. आयोग बसलाच नाही. त्यामुळे महाराज दोषी होते असे कोणत्याही न्यायासनाने म्हटलेले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आता चित्रपटाकडे येऊ. खून जानेवारीत, निकाल मे महिन्यात आणि चित्रपट त्याच वर्षी! आजच्या वाहिन्यांना आपण नावे ठेवतो, पण शंभर वर्षांपूर्वीची मुंबई त्यांच्यापेक्षा मागे नव्हती. द्वारकादास संपत यांची कोहिनूर ही त्या काळातली मोठी कंपनी. तिच्या 'भक्त विदुर'वर १९२१ साली बंदी आली होती, कारण पडद्यावरचा विदुर लोकांना गांधीजींसारखा दिसला. म्हणजे पडद्यावर चालू काळ दाखवला की लोक येतात आणि सरकार बिथरते, या दोन्ही गोष्टी कोहिनूरला अनुभवाने ठाऊक होत्या. १९२२ पासून संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला आळा घालणारा कायदाही होता. तरीही राजा, नर्तकी, श्रीमंत आश्रयदाता आणि खून हे सगळे वेशांतर करून पडद्यावर आले.

मूकपटांच्या काळातल्या बहुतेक चित्रपटांप्रमाणे 'कुलीन कांता'ही आज पाहायला मिळत नाही. उरले आहे ते नाव. कुलीन कांता म्हणजे घरंदाज पत्नी, उर्दूत म्हणायचे तर शरीफजादी बीवी. ज्या खटल्याच्या केंद्रस्थानी एक नाचणारी बाई आहे, जिच्या साक्षीने तो खटला उभा राहिला, त्याच्यावरच्या चित्रपटाला कुलीन पत्नीचे नाव! अंधारात बसलेल्या प्रेक्षकाची बोटे कोणाकडे वळावीत याची सोय पाटीवरच झाली. एकीकडे कुलीन, दुसरीकडे जी कुलीन नाही ती. तिला ठेवणाऱ्या पुरुषाच्या कुळाबद्दल पाटी काही बोलत नाही.

आमच्या घरातही हेच झाले. दादीने तो चित्रपट पाहिला नव्हता, ती आयुष्यात एकदाही चित्रपटगृहात गेली नाही. पण वाटणी तीच होती. शरीफ मुली आत, इंदूरवाली बाहेर. तुकोजीराव हे नाव आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. बावला हे नाव फुफी लहान मुलाच्या वेंधळेपणाला लावायची, त्याचा या बावलाशी काही संबंध नव्हता. 'उसके पीछे मर्दां मरे' हे वाक्य तर व्याकरणाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. मर्द मरतात, राज जाते, आणि करणारी कोण तर ती. जिच्या तोंडावर सुरी चालली, जिला ओढून नेत होते, ती कर्ती!

आता बेलापूरबद्दल थोडे. आमचे गाव प्रवरेच्या काठावरचे. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या स्टेशनाला गावाचे नाव मिळाले आणि त्या स्टेशनाभोवती पुढे श्रीरामपूर शहर वाढले. ज्या वर्षी मुंबईत हा खटला चालू होता, त्या सुमारास आमच्या भागात भंडारदऱ्याच्या धरणाचे काम संपत आले होते. १९२६ मध्ये ते पुरे झाले. कालव्याचे पाणी, ऊस, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, त्यापाठोपाठ मजूर, पगार, बाजार आणि यथावकाश तंबूतले सिनेमे. हातात रोख पैसा आला की करमणूक येते आणि करमणुकीबरोबर बायकांनी कुठे जावे, कुठे जाऊ नये याचे नवे नियम येतात. दादीची शिवी आम्हांला आता त्या नियमांचा भाग वाटते. शेतावर राबायला जाताना बाईला कोणी अडवत नव्हते, उरुसाला जाताना अडवत होते.

जिल्ह्याचा दुसरा धागा होळकरांचा. अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांचा जन्म १७२५ चा, म्हणजे मलबार हिलच्या गोळीबाराच्या बरोबर दोनशे वर्षे आधीचा. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्या वादात इथे शिरायचे नाही. निजामशाहीचा अहमद आणि चौंडीची अहिल्या ही दोन्ही माणसे आमच्याच मातीशी जोडलेली आहेत. पण ज्या गादीवर बसून अहिल्याबाईंनी न्यायासाठी नाव मिळवले, तीच गादी त्यांच्या वारसाला एका नर्तकीच्या साक्षीनंतर सोडावी लागली, हा योग मनातून जात नाही. आम्हां नगरच्या मुसलमानांना अभिमानाने सांगायला चांदबीबी आहे. तलवार घेतलेली बाई सांगायला सोपी असते. फलाटावर अडून बसलेली बाई आम्ही कधी आमची म्हणून सांगितली नाही.

इथे आपल्या लोकांशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. हा खटला आज कोणी काढला तर तो दोनपैकी एका रंगात रंगवला जाण्याचा धोका आहे. एक बाजू म्हणेल, हिंदू राजाने मुसलमान मुलीला ठेवले आणि तिचे नाव बदलले. दुसरी म्हणेल, मुसलमान शेटजीने राजाची बाई पळवली. दोन्ही बाजूंना खटल्याचे कागद सोयीचे नाहीत. मुमताजच्या अंगावर धावून गेलेल्यांत शफी अहमद, बहादुरशहा, अकबरशहा होते आणि पोंडे, दिघेही होते. चाकरीची शपथ सगळ्यांनी एकाच दरबाराची घेतलेली. फणसे या मराठी सरदाराचा बचाव करायला उभे होते बॅरिस्टर महंमद अली जिना. मेलेला मुसलमान व्यापारी, जखमी मुसलमान बाई, आणि तरीही जिना आरोपी सरदाराच्या बाजूने! वकिलाने वकिली केली, यात आश्चर्य काही नाही. पण ज्यांच्या नावावरून आमच्याकडे आयुष्यभर बोट दाखवले गेले, ते जिना १९२५ च्या मुंबईत एका मराठी सरदारासाठी हायकोर्टात लढत होते, हे आमच्या शाळेच्या इतिहासात असते तर बरे झाले असते. मुमताजला वाचवणाऱ्यांत एक मुसलमान होता आणि काही इंग्रज होते. तिला ओढून नेणाऱ्यांत सगळे होते.

आणि आपला हिशेब? मुमताजच्या आईने तिला त्या पेशात घातले, हे म्हणून आपण मोकळे होतो. पण तवायफांच्या घरांशिवाय आपल्या संगीताचे, उर्दू गझलेचे आणि सुरुवातीच्या सिनेमाचे पान हलत नाही. शरीफ घरांतल्या बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या तेव्हा हीच घरे पुढे आली. १९२६ साली, म्हणजे तुकोजीरावांनी गादी सोडली त्याच वर्षी, मुंबईत फातमा बेगम यांनी स्वतःची चित्रपट कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली ती पहिली स्त्री दिग्दर्शक. सचिनच्या नवाबाशी त्यांचे नाते होते असे म्हणतात, ते नाते लग्नाचे होते की नाही यावर आजही लोक चवीने वाद घालतात. त्यांची मुलगी जुबेदा १९३१ मध्ये 'आलम आरा'ची नायिका झाली. एकाच शहरात, एकाच दोन वर्षांत, संस्थानिकाशी जोडले गेलेले एक नाव न्यायालयात उभे होते आणि दुसरे कॅमेऱ्यामागे. आपल्या इतिहासात दोघींनाही जागा नाही, कारण दोघींच्याही निकाहनाम्याची आपल्याला खात्री नाही.

बावला खटल्यानंतर चौतीस वर्षांनी मुंबईत पुन्हा एक खून झाला आणि हा साचा पक्का झाला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या कमांडर कावस नानावटी यांनी पत्नी सिल्व्हियाचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ'ने नानावटींची बाजू उचलून धरली, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. चित्रपट लागलीच आले. १९६३ चा 'ये रास्ते हैं प्यार के', १९७३ चा 'अचानक', अगदी २०१६ चा 'रुस्तम'. मुमताजच्या खटल्यात पिस्तूल घेतलेले लोक खलनायक होते. नानावटीच्या खटल्यापासून पिस्तूल घेतलेला नवरा नायक झाला. फरक एवढाच, की पहिल्या वेळी बाई रखेल होती आणि दुसऱ्या वेळी पत्नी. पत्नीसाठी झाडलेली गोळी लोकांना आपली वाटली.

'अचानक' गुलजारांचा आणि कथा ख्वाजा अहमद अब्बासांची. दोघांबद्दलही आम्हांला आदर आहे. चित्रपट उत्तम आहे, गाण्याशिवाय आहे, फाशी द्यायच्या माणसाला डॉक्टरांनी आधी वाचवायचे हा त्यातला प्रश्न जबरदस्त आहे. पण त्यात नवरा मित्राला मारतो आणि बायकोलाही मारतो. प्रत्यक्षातली सिल्व्हिया मेली नव्हती. ती न्यायालयात आली, तिने साक्ष दिली, पुढे नवरा-मुलांसह कॅनडाला जाऊन संसार केला. अब्बास-गुलजारांसारख्यांनाही अशी बाई जिवंत ठेवून गोष्ट पुरी करता आली नाही, याचे आम्हांला वाईट वाटते. 'रुस्तम'ने तिला जगवले, पण तोवर त्रेचाळीस वर्षे गेली होती. बी. आर. चोप्रांच्या 'गुमराह'ने तर १९६३ मध्ये सुरुवातच सीता, सोनेरी हरीण आणि लक्ष्मणरेषेने केली होती. बाई रेषेपर्यंत जाते, घाबरते, परत फिरते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात.

कायदा या बाबतीत चित्रपटांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने चमत्कारिक होता. इंग्रजांच्या दंडविधानातले ४९७ कलम व्यभिचारासाठी परपुरुषाला शिक्षा देत होते, पत्नीला नाही. वरवर ही दया वाटते. आत पाहिले तर पत्नी ही नवऱ्याची वस्तू आणि परपुरुष हा त्या वस्तूचा चोर, असा तो हिशेब होता. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! आणि व्यभिचारी नवऱ्याविरुद्ध पत्नीला तक्रारीची सोय नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. मुमताज मात्र या कलमातही कुठे बसत नव्हती. ती कोणाची पत्नी नव्हती. तुकोजीरावांच्या राण्यांनाही या कायद्याने काही दिले नसते.

गादी सोडल्यावर तुकोजीरावांचे काय झाले? १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. तिला हिंदू धर्मात घेतले, धनगर समाजात स्थान दिले, शर्मिष्ठादेवी असे नाव दिले. त्यावर बरीच चर्चा झाली, विरोध झाला, पण लग्न रीतसर झाले आणि टिकले. हे चांगलेच झाले. आम्ही फक्त दोन नावे शेजारी ठेवून पाहतो. कमलाबाई आणि शर्मिष्ठादेवी. दोघीही परधर्मातल्या, दोघींनाही नवे नाव मिळाले. एकीला नावाबरोबर मंडप मिळाला. दुसरीला दहा वर्षे नुसते नाव.

मराठी चित्रपटात ही गोष्ट उलटी फिरवून सांगितली ती पंढरपूरच्या डॉ. जब्बार पटेलांनी. १९८२ चा 'उंबरठा', शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातही विवाहबाह्य संबंध आहेत. स्मिता पाटीलने उभी केलेली सुलभा निराधार स्त्रियांच्या सुधारगृहात काम करायला जाते आणि परत येते तेव्हा वकील नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. नवरा हे सहज सांगतो. घर तसेच चालू राहावे अशी त्याची अपेक्षा आहे. सुलभा पिस्तूल घेत नाही, त्या दुसऱ्या बाईला शिव्या देत नाही. ती निघते. गाडीत बसते. आम्ही हा चित्रपट श्रीरामपूरला पाहिला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "आता ही जाणार कुठं?" थिएटरात थोडे लोक हसले. मुमताज दिल्लीच्या फलाटावर उभी राहिली तेव्हाही हेच विचारले गेले असणार.

गेल्या वर्षी आम्ही फुफीला भेटायला बेलापूरला गेलो होतो. फुफी आता ऐंशीच्या पुढे. कान चांगले, गुडघे गेलेले. तिला सगळी हकिकत सांगितली. इंदूर, दिल्लीचे स्टेशन, मलबार हिल, गोल्फची काठी, फाशी, गादी. तिने मध्ये कुठे टोकले नाही. काठीने मारामारी करणाऱ्या इंग्रजाचे तिला फार कौतुक वाटले, तेवढे पुन्हा सांगायला लावले. सिनेमाचे नाव ऐकून 'अच्छा' म्हणाली. दादीला हे माहीत असते तर ती तसे बोलली नसती, असे आम्ही म्हणालो. त्यावर फुफी म्हणाली, "बोली होती. अम्मा थी वो." मग बराच वेळ ती सुपारी कातरत बसली.

"और वो बच्ची?" तिने विचारले.

आम्ही म्हणालो, मुंबईचा खटला बावलाच्या खुनाचा होता. बच्चीचा प्रश्न तिथे न्यायासनापुढे नव्हता. आणि इंदूरची चौकशी झालीच नाही.

"नाम क्या रखे थे उसका?"

ते कुठे लिहिलेले आम्हांला सापडलेले नाही.